सकाळी रुसणारं मशीन

२ फेब्रुवारी, शुक्रवार

या हातांनी केलेल्या वस्तू. आज रागाच्या भरात आठवत गेलो, लिहूनच ठेवतो. घडीची शिडी — बिजागरी अजून कुरकुरत नाही. हिच्या शिलाई मशीनची मोटर, मोडक्या मिक्सरमधून काढलेली. पाय जितका दाबाल तितका वेग. पुढच्या आणि मागच्या दाराच्या वेगवेगळ्या आवाजाच्या घंटा. वीज मोजायच्या मीटरच्या हातभर लांब सुया, लाकडी मुठीच्या, म्हणजे अडचणीतल्या वायरीपाशी बोटं न्यावी लागत नाहीत. आणि माझा ब्रश. दांडा साडेचार मीटर, तंबूच्या फायबरच्या काठ्या एकात एक बसवून. आतून पाण्याची नळी. तोंडाशी अकरा भोकं, प्रत्येक दोन मिलिमीटर. (मधलं सव्वादोन झालंय. मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.)

हे सगळं आठवायचं कारण — आज साडू आला होता. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जिन्याखाली उभा असलेला ब्रश त्याने उचलला, हातात तोलला आणि म्हणाला, "काय हात आहे हो तुमचा, साडूभाऊ. पण आता हे सगळं विकत मिळतं."

विकत मिळतं!

शीतगृहाच्या गच्चीवरची सोलर पॅनेलं तीन वर्षं मी याच ब्रशने धुतली. नोव्हेंबरपासून ते काम त्याच्याकडे गेलं. मला महिन्याला नऊ हजार मिळायचे. त्याला चौदा देतात, आणि हसत देतात, कारण त्याच्याकडे छापील बिल आहे, पिवळं हेल्मेट आहे, चाकांवर फिरणारं पिवळं धुण्याचं यंत्र आहे आणि व्हॅन आहे. व्हॅनवर मोठ्या अक्षरांत 'लखलखीत'. त्याखाली त्याचाच फोटो, सूर्याकडे बघून हसताना.

सूर्याकडे बघून कोण हसतं? डोळे जातील.

४ फेब्रुवारी, रविवार

लक्षात राहिलेली गोष्ट: शुक्रवारी हिने त्याला चहा नव्या कपातून दिला. मला नेहमीचा. आज विचारलंच.

"पाहुणा आहे तो," म्हणाली.

"आणि मी?"

"तुमच्या कपाचा कान तुम्हीच चिकटवलाय ना? मग दुसऱ्या कपातला चहा तुम्हाला गोड लागेल का?"

बोलण्यात हिला हरवणं अवघड. पण नवा कप तो नवाच.

५ फेब्रुवारी

लखलखीत दोनदा आमच्या गल्लीतून गेला. दोन्ही वेळा हॉर्न वाजवला. मी दोन्ही वेळा वर पाहिलं नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

हार्डवेअरच्या दुकानात शीतगृहाचा मॅनेजर भेटला. मी वॉशर घेत होतो, तो कुलूप. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तुम्ही रागावू नका, पण हल्ली वीज जास्त तयार होते आमच्याकडे. तुमचे साडू गाळून मऊ केलेलं पाणी वापरतात. तुमच्या वेळी वाळल्यावर पांढरे ठिपके राहायचे."

रागावलो नाही. रागावलो नाही हे त्याला दिसावं म्हणून दोन वॉशर जास्त घेतले.

घरी आल्यावर काचेचे दोन तुकडे घासून पुसून घेतले. एकावर आमच्या नळाचं पाणी शिंपडलं, दुसऱ्यावर बॅटरीत घालायचं बाटलीतलं. दोन्ही उन्हात ठेवले. वाळल्यावर भिंगातून पाहिलं. पहिल्यावर ठिपके, कडेला गोल वळं उठलेलं, पावडरीसारखं. दुसरी काच कोरी.

तो बरोबर आहे.

तीन वर्षं मी इतकं घासत होतो आणि पाणीच चुकीचं वापरत होतो. माझी अकरा भोकं मोजून-मापून पाडलेली, आणि त्यातून येणारं पाणी खारं. हे मला सुचायला हवं होतं. त्याला सुचलं! तीन दिवसांचा कोर्स करून आलाय, तिथे शिकवलं असेल. असेलच.

८ फेब्रुवारी, गुरुवार

शीतगृहाच्या गेटवरचे काका रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले. नवीन घ्यायला तयार नाहीत, जुन्याचा आवाज ओळखीचा झालाय म्हणतात. मला असली माणसं आवडतात.

मी रेडिओ उघडला. काका बोलत बसले. त्यांच्या बोलण्यातलं जसं आठवतं तसं लिहितो, कारण ते महत्त्वाचं आहे.

"तुमच्या वेळी बरं होतं. आता ते भिंतीवरचं मशीन रोज सकाळी रुसतं."

"रुसतं म्हणजे?"

"लाल दिवा लावून बसतं. पडद्यावर काहीतरी अक्षरं येतात. वीज देत नाही. ऊन तापलं, दहा-साडेदहा झाले, की आपलं आपण हिरवं होतं. थंडी वाजत असेल त्याला."

"रोज?"

"दव पडलं त्या दिवशी. आणि पॅनेलं धुतल्यावर. पण लखलखीत साहेबांना ते सोयीचं पडतं. म्हणतात, मशीन बंद आहे तोवरच धुऊन घेऊ, म्हणजे शॉकची भीती नाही. भिंतीवरचा खटकाही खाली ओढतात. फार काळजी घेतात हो."

मी पेचकस खाली ठेवला.

ते मशीन म्हणजे इन्व्हर्टर, पॅनेलांची वीज वापरायजोगी करणारा. पॅनेलातून येणारी वीज तो घ्यायच्या आधी तपासतो — कुठे गळते का? ओलीत गळती सापडली की लाल दिवा. सुकलं की गळती थांबते, हिरवा. त्याला थंडी वाजत नाही, तो ओरडतोय. वर कुठेतरी वायर सोललेली आहे आणि ती ओल्यात पॅनेलच्या धातूच्या चौकटीला लागतेय.

आणि हे शहाणे नेमके तेव्हाच पाणी घेऊन वर चढतात. मशीन बंद म्हणजे पॅनेल बंद! घरातल्या दिव्याचं ठीक आहे, बटण दाबलं की वीज येण्याचं थांबलं. पॅनेल उलटं आहे. वीज वरून येते. खालचा खटका ओढला तरी पॅनेलपासून त्या खटक्यापर्यंतची सगळी वायर जिवंतच, जोवर ऊन आहे तोवर. एकेक पॅनेल चाळीस व्होल्टचं, पण सोळा एकापाठोपाठ जोडली की सहाशेच्या वर.

काकांना काही बोललो नाही. रेडिओचा सेल-डबा गंजला होता, घासून दिला.

९ फेब्रुवारी

मी का सांगायचं? त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे. चौकट करून लावलंय म्हणे ऑफिसात.

१० फेब्रुवारी, शनिवार

तरी हिच्याजवळ विषय काढला. सरळ नाही, आडून. म्हटलं, साडूच्या कामात एक खोट आहे, सांगावी का?

हिने हातातलं कापड खाली ठेवलं नाही. सुई चालूच. "काम गेल्यापासून तुम्ही त्याच्या किती खोटी काढल्यात? हेल्मेटचा रंग चुकीचा. व्हॅनचं एक चाक वाकडं. बिलावर तारखेचा ठिपका नाही. आता ही कितवी?"

"ही खरी आहे."

"चाकही खरंच वाकडं होतं," ती म्हणाली. "पण तुमचं पोट दुखतंय हे गल्लीतल्या दूधवाल्यालासुद्धा माहीत आहे. तुम्ही सांगितलंत तर तो हसेल, एवढंच."

हेच ते. मी तोंड उघडणार, आणि तो खांद्यावर हात ठेवून म्हणणार, "कळतंय हो मला, साडूभाऊ. काम गेल्याचं वाईट वाटतंच." तो खांद्यावर हात ठेवतो. मला ते सहन होत नाही. सहाशे व्होल्ट परवडले.

लिहिलं खरं. खोडत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

मेहुणी आली होती. चेहरा उतरलेला. हिला म्हणाली, "ताई, याला मानेचं काहीतरी झालंय गं." 'याला' म्हणजे लखलखीतला. उजव्या हातात मुंग्या येतात. दंडापर्यंत. कधी कधी हात झटकला जातो. डॉक्टरांनी मानेची शीर दबली असेल म्हणून पट्टा दिलाय. ती रोज संध्याकाळी तेल चोळते.

"मान वर करून करून पॅनेलं पाहतो ना दिवसभर," मेहुणी म्हणाली.

"आमच्यांना नाही होणार असलं," ही म्हणाली. "यांची मान कधी वळतच नाही."

दोघी हसल्या. मीही हसलो असेन. मग विचारलं, "मुंग्या कधी येतात?"

"सकाळी. कामावर. दुपारी बरा असतो, भाऊजी. घरी तर काहीच नाही."

खरं लिहायचं तर आधी मला बरं वाटलं. दोन-तीन श्वासांपुरतं. गळ्यात पट्टा घातलेला लखलखीत डोळ्यांपुढे आला आणि आत काहीतरी सैल झालं. मग मुंग्यांचा अर्थ लागला.

सकाळी. ओल्यात. कामावर.

ती मानेची शीर नाही. ती गच्चीवरच्या पॅनेलांची तिसरी, नाहीतर चौथी, कुठली तरी रांग आहे, चौकटीत वीज उतरलेली.

१२ फेब्रुवारी, सोमवार

उद्या जातो. उद्या नक्की.

आज गाळणीच्या डब्याचं काम काढलं. वाळू, कोळसा, वर ते पाणी मऊ करणारे दाणे. त्याचं पाणी मऊ, तर माझं त्याहून मऊ. डब्याचं झाकण बसवताना लक्षात आलं, मी काय करतोय. तिकडे माणूस मुंग्या झटकतोय आणि मी इकडे शर्यत लावून बसलोय.

झाकण मात्र चांगलं बसलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो होतो. गेटपर्यंत.

काकांनी आत सोडलं असतं. पण गेटातूनच गच्ची दिसते. आठचं कोवळं ऊन. त्याची दोन माणसं यंत्र ओढत होती. तो स्वतः कठड्याशी, हातात तो विकतचा दांडा. चकचकीत, लांब, हलका. मी नेहमी म्हणायचो, आरशासारखा आहे, केस विंचरा त्यात. आज पहिल्यांदा नीट पाहिलं. अॅल्युमिनियम! टोकापासून मुठीपर्यंत अॅल्युमिनियम. पाण्याने थबथबलेला.

आणि पायात काही नाही. रबरी बूट कठड्यावर ओळीने ठेवलेले. ओल्या गच्चीवर बूट घसरतात, म्हणून अनवाणी.

मी गेटाच्या आत पाऊल टाकलंच होतं. तेवढ्यात मॅनेजर गच्चीवर आला. दोघं बोलले. मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोघं मोठ्याने हसले. कशावर ते ऐकू आलं नाही. तीन वर्षांत तो मॅनेजर माझ्यासाठी एकदाही गच्चीवर चढला नव्हता. खालूनच विचारायचा, "झालं का?"

मी परत फिरलो.

हे लिहिताना लाज वाटते आहे, पण परत फिरलो हे खरं आहे.

१४ फेब्रुवारी, बुधवार

हिच्या फोनवर मेहुणी. मी शेजारी बसलो होतो म्हणून अर्धं ऐकलं, उरलेलं हिने सांगितलं. त्याची दोन्ही माणसं जास्त पगारावर दुसरीकडे गेली. उद्या शीतगृहाचं काम आहे. तेव्हा उद्या तो आणि मेहुणी, दोघंच. तो घासणार, ती पाण्याची नळी धरणार.

"तिला काय कळतं त्यातलं?" मी विचारलं.

"नळी धरायला काय कळायला लागतं?" ही म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "काय झालं? असे का बसलात?"

तेव्हा सगळं सांगितलं. काका, लाल दिवा, मुंग्या, दांडा, बूट. आडून नाही, सरळ. ही ऐकत राहिली. सुई या वेळी थांबली.

"पण तो तर ठीक आहे ना? नुसत्या मुंग्याच येतात ना?"

"अजून एका ठिकाणी वायर उघडी पडली की मुंग्यांवर भागणार नाही. ही वीज झटका देऊन सोडत नाही. हात धरून ठेवते."

ही उठली, फोन लावला. मेहुणीने उचलला. हिने सगळं सांगितलं, आणि मागून त्याचा आवाज, हसरा. "ताई, साडूभाऊंना सांगा, मशीन बंद करूनच धुतो आम्ही. काळजी नको. त्यांना वाटणारच, त्यांचं जुनं काम आहे."

बघ! मी म्हटलं होतं.

हिने फोन ठेवला आणि एवढंच म्हणाली, "हसू देत तुम्हाला. जा."

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी मीटर, लांब सुया, रबरी हातमोजे आणि माझा ब्रश घेऊन गेलो. ब्रश कशाला घेतला सांगता येत नाही. त्याच्याशिवाय त्या गच्चीवर जायला कसंतरी वाटलं.

गेटवर काका म्हणाले, "रुसलंय आज." आत भिंतीवर लाल दिवा. त्याखाली खटका, नीट खाली ओढलेला, वर त्याने पाटीही टांगलेली: 'काम चालू आहे'. व्यवस्थित माणूस. तेच तर.

शिडी चढून डोकं वर काढलं तर तो तिसऱ्या रांगेकडे चालला होता. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, गळ्यात तो पट्टा, हातात दांडा. मेहुणी मागे नळी ओढत. गच्चीवर दवाची ओल, वर त्यांनी सांडलेलं पाणी. दांड्याचं टोक चौकटीपासून वीतभर.

"हात लावू नकोस!"

तो थांबला. मेहुणीही. मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

"अहो, बंद आहे सगळं," तो म्हणाला. "खाली पाटी पाहिली नाहीत का?"

"बंद आहे तो खालचा डबा. पॅनेल कुणी बंद केलं?"

"म्हणजे?"

"वर बघ."

दोघांनी वर पाहिलं. ऊन नुकतं पाण्याच्या टाकीवरून आलं होतं. तो डोळे बारीक करून पाहत राहिला, व्हॅनवरच्यासारखा, फक्त हसत नव्हता.

"त्याला खटका आहे का कुठे?" मी विचारलं.

मी त्याला दांडा खाली ठेवायला लावला, बूट घालायला लावले, दोघांना कठड्याशी कोरड्या जागी उभं केलं. मग हातमोजे चढवले. एक सुई अर्थिंगच्या खांबाला — म्हणजे वीज जमिनीत नेणारी सळई असते तिला. दुसरी पहिल्या रांगेच्या चौकटीला. शून्य. दुसरी रांग, शून्य. मेहुणीने सुस्कारा सोडला. तो म्हणाला, "साडूभाऊ, मी म्हणत नव्हतो?" आणि मला क्षणभर — एक क्षणभरच — वाटलं की तिसरीही शून्य निघाली तर मी या गच्चीवरून उतरायचा कसा?

तिसरी रांग. तीनशे बारा.

मीटर त्याच्याकडे वळवला. त्याने वाचलं. परत वाचलं.

"भाऊजी, तीनशे म्हणजे किती?" मेहुणीने विचारलं.

"घरातल्या प्लगमध्ये दोनशे तीस असतात."

तिने नळीची तोटी बंद केली. सावकाश, पूर्ण घट्ट. मग त्याच्याजवळ गेली, गळ्यातला पट्टा ओढून काढला आणि म्हणाली, "मान दुखते म्हणे. तेल चोळून चोळून माझी मनगटं गेली."

तो हसायला गेला, पण खाली बसला. कठड्याला टेकून, उजवा हात डाव्या हातात धरून. मी त्याच्याशेजारी बसलो. ब्रशचा दांडा त्याच्या हातात दिला.

"फायबर," मी म्हणालो. "वीज जात नाही यातून."

"मला वाटायचं, स्वस्त म्हणून वापरता," तो म्हणाला.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

कालचं उरलेलं लिहितो.

दिवसभर गच्चीला कुलूप लावून घेतलं. दुरुस्ती दिवेलागणीला केली, ऊन पूर्ण गेल्यावर. हा एकच खटका त्या वरच्याला आहे. तरी मीटर लावून शून्य बघितलं, मगच हात घातला. साडू बॅटरी धरून उभा, मॅनेजर शिडीवर अर्धा वर, अर्धा खाली.

पॅनेलच्या पोटाखाली उंदराने वायर कुरतडलेली. बोटाच्या पेराएवढं तांबं उघडं, चौकटीच्या कडेवर टेकलेलं. हे झालं एक. दुसरं: या रांगेच्या चौकटीतून जमिनीत जाणारी अर्थिंगची पट्टी तुटलेली. ती शाबूत असती तर गळती जमिनीत गेली असती, मशीन दिवसभर लाल राहिलं असतं, आणि कुणाला तरी बोलवावंच लागलं असतं. पट्टी तुटली म्हणून चौकट वीज धरून बसली, आणि मशीन फक्त सकाळी रुसलं.

पट्टी गंजून तुटलेली नव्हती. ठोकर लागून तुटलेली होती. तुटल्या टोकावर पिवळा रंग. त्याच्या यंत्राचा रंग कुठला ते मी दोन तारखेलाच लिहून ठेवलंय.

त्याने पाहिलं. मी पाहिलं.

"कशामुळे झालं?" मॅनेजरने खालून विचारलं.

किती सोपं होतं! एक शब्द. नोव्हेंबरपासून मी त्या शब्दाची वाट बघत होतो.

"उंदीर," मी म्हणालो.

वायर नवी टाकली, जाड नळीतून. पट्टी नवी बसवली, दोन बोल्ट, खाली माझ्याकडचे ते जास्तीचे वॉशर. उतरताना साडू म्हणाला, "सकाळी तुम्ही मला पहिल्यांदा अरे-तुरे केलंत."

"घाईत झालं."

"राहू दे तसंच," तो म्हणाला, आणि खांद्यावर हात ठेवला. काढायला लावला नाही मी. हातात पाना होता.

आज सकाळी दव होतं. काकांचा फोन: मशीन हिरवं.

१७ फेब्रुवारी

हिने न विचारता चहा नव्या कपातून दिला. चव वेगळी लागली. उद्यापासून जुना दे म्हटलं. "कळलंच होतं," म्हणाली.

गच्चीवर काढलेला मानेचा पट्टा माझ्याच सामानात आलाय. ब्रशच्या मुठीला गुंडाळला. छान बसतो.

१९ फेब्रुवारी, सोमवार

हार्डवेअरचा दुकानदार, वॉशर मोजता मोजता: "ऐकलंत का? तुमच्या साडूने शीतगृहावर केवढी मोठी गळती पकडली म्हणे. मुंग्यांवरून ओळखलं. हुशार माणूस."

मुंग्यांवरून!

विचारलं, कोण म्हणालं. तर स्वतः लखलखीतच. अगदी खोटं बोलला नाही — 'साडूभाऊही होते मदतीला' असं म्हणाला म्हणे. मदतीला. बॅटरी कोण धरून उभं होतं?

घरी येईपर्यंत अंगाचा तिळपापड झाला होता. पिवळ्या रंगाचा एक शब्द अजूनही मॅनेजरला सांगता येतो. तो तुटका तुकडा माझ्या डब्यात आहे, कापडात गुंडाळून. का ठेवलाय तो?

व्हॅनचं चाक अजून वाकडंच आहे. पण गेले तीन दिवस तो हॉर्न वाजवत नाही. थांबतो, उतरतो, पायरीवर बसून माझ्या गाळणीत नाक खुपसतो. आज म्हणाला, "कोळसा खाली नको, वर घ्या." उलटसुलट करून पाहिलं. वर घेतल्यावर पाणी स्वच्छ येतं. हेही त्याचंच बरोबर! याच्यावर नीट चिडताही येत नाही.

दांडा मात्र त्याने बदललाय. फायबरचा. विकतचाच.

२१ फेब्रुवारी, बुधवार

शीतगृहाच्या मॅनेजरचा फोन. साडूला मार्चपासून बंद करतो म्हणाला. "तीन महिने गच्चीवर असून त्याला दिसलं नाही, तुम्हाला एका सकाळीत दिसलं. काम परत तुम्ही घ्या, वर्षाचा करार."

नाही म्हणालो.

का, म्हणून विचारलं. म्हटलं, वायरी मी बघेन महिन्यातून एकदा, पण पॅनेलं तो माझ्यापेक्षा चांगली धुतो. त्याच्याकडेच ठेवा. आणि मला विचारलं होतंत हे त्याच्या कानावर घालू नका.

पिवळा तुकडा भंगारात टाकला. हिलाही सांगितलेलं नाही.

महिन्याला अठरा हजार देत होते.